कोणाचं अडलं आहे

"हे पोरगी काही पुसत नाही व, निस्ती लिहूनच राहिली."

हे बोलणारी बाई माझ्याकडे पाहत नव्हती. भंडाऱ्यातल्या आमच्या मोठ्या बाबांच्या भांड्यांच्या दुकानात ती गादीच्या कडेला बसली होती आणि मांडीवर घेतलेल्या पितळी गुंडाला टिचक्या मारून त्याचा आवाज ऐकत होती. गुंड म्हणजे आमच्याकडचा पाण्याचा हंडा. शेजारी तिची जाऊ होती आणि ते वाक्य जावेसाठी होतं. पण पितळेच्या दुकानात हळू बोललेलंही लपत नाही. मी तीन हातांवर स्टुलावर बसले होते, मांडीवर वही घेऊन.

मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. तराजूवरची नजर न काढता ते म्हणाले, "आमच्या लहान्याची आहे ते. नागपूरले शिकते, इंग्रजीत."

"असं काय! मंग तिले आपल्यातलं काय पुसता येते? लिहू द्या बिचारीले."

दोघी जावा हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. परगावच्या पाहुण्याला उंबऱ्याची ठेच लागू नये म्हणून सांगताना माणसं हसतात, तसं ते होतं. मी वहीत लिहिलं, 'गिऱ्हाईक टिचकी मारून भांडं पाहतं.' त्या आठवड्यात हे वाक्य मी तिसऱ्यांदा लिहीत होते.

मी तेव्हा एकवीस वर्षांची होते. नागपुरात व्यवसाय व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम करत होते, दुसरं वर्ष होतं. वर्गात आम्ही तिघीच मुली. दिवाळीनंतरचे चार महिने प्रत्येकाने एखाद्या धंद्याचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा होता, आणि त्याआधी एक पान मंजूर करून घ्यायचं होतं. त्या पानाला सगळे प्रॉब्लेम स्टेटमेंट म्हणायचे. धंद्यात नेमका कोणता प्रश्न आहे, तो कोणाचा आहे आणि आपण काय शोधणार, एवढंच त्यात लिहायचं. एकच पान. मुलं म्हणायची, प्रबंध परवडला पण हे पान नको.

मी भंडाऱ्याची पितळी भांडी हा विषय घेतला. "घरचा धंदा आहे, माहिती मिळेल," असं मी आमच्या गाईडना सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पान मंजूर झालं की चार महिने भंडाऱ्यात राहता येईल, हा माझा हिशेब होता. दिवाळीचे आठ दिवस नाही, उन्हाळ्याचे तीन आठवडे नाही, सलग चार महिने, मोठ्या बाबांच्या घरी, मोठ्या आईजवळ. पान मंजूर झालं नाही तर गाईडांकडे एक तयार विषय होता: नागपुरातल्या एका बँकेची बचत योजना. त्याचे फॉर्मही छापून ठेवलेले होते. मग मी होस्टेलच्या खोलीत आणि बँकेच्या बाकावर हिवाळा काढणार होते. मुदत दिवाळीची सुट्टी संपेपर्यंतची होती.

दोनदा माझं पान परत आलं होतं.

आमचे हे गाईड सर शिकवायचे इंग्रजीत, पण कागद पसंत पडला नाही की मराठीत यायचे. त्यांच्या टेबलावर एक लाकडी फूटपट्टी असे. ती ते वाक्यावर आडवी ठेवून पुढचा भाग झाकत आणि विचारत, "इथपर्यंत काय कळलं?" माझ्या पहिल्या पानाचं पहिलं वाक्य होतं की भंडारा जिल्ह्यात पितळी भांड्यांची मागणी घटत आहे. त्यांनी ते झाकलंही नाही. "ही बातमी झाली," म्हणाले, "वर्तमानपत्राला पाठवा."

दुसऱ्या पानावर मी लिहिलं की लोक पितळेपेक्षा स्टील का पसंत करतात याचा अभ्यास करायचा आहे. या वेळी फूटपट्टी 'लोक' या शब्दाशी थांबली. "लोक म्हणजे कोण? तुमच्या घरात भांडी घेताना लोक जातात का? आणि खालच्याच ओळीत तुम्ही लिहिलंय, स्टील घासायला सोपं. उत्तर खिशात टाकून प्रश्न विचारायला निघालात?"

मग त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं. ते अजून माझ्याजवळ वहीच्या मागच्या पानावर आहे. "कोणाला तरी काहीतरी ठरवायचं असतं. दोन वाटा समोर असतात. कोणती धरावी हे त्याला कळत नाही, कारण एक गोष्ट त्याला माहीत नसते. ती गोष्ट शोधून सापडण्यासारखी असेल, तर तो प्रॉब्लेम. ज्याला काही ठरवायचंच नाही त्याला प्रॉब्लेम नसतो. त्याला नुसतं दुःख असतं, आणि दुःखावर प्रबंध होत नाही."

वर्ग हसला. मला उगाच वाटलं, सरांनी माझी वही उलटून भलतंच काही वाचलं आहे.

कारण मला ठरवायला कधी काही नव्हतं. माझ्या वडिलांची वनखात्यातली बदलीची नोकरी. धाकट्या भावाच्या वेळी आई बरेच दिवस अंथरुणाला खिळली, तेव्हा दोन वर्षांच्या मला मोठ्या आईकडे आणून ठेवलं. आई बरी झाली तरी मी तिथेच राहिले, सहा वर्षांची होईपर्यंत. मोठी आई म्हणजे मोठ्या बाबांची बायको. तिला दोन मुलगे, माझ्याहून मोठे. मी तिच्या मागेमागे परसात, आडावर, देवळात जायची, आणि बोलायची तिच्यासारखीच. मले, तुले, काहून, कायले. मग एक दिवस वडील आले. सगळ्यांसमोर त्यांनी मला विचारलं, "मोठ्या शाळेत जायचं ना?" मी मोठ्या आईकडे पाहिलं. ती पिठाच्या हाताकडे पाहत होती. "शहाणी आहे, रडत नाही," असं कोणीतरी म्हणालं आणि मी नागपूरच्या होस्टेलात गेले.

तिथे सगळं इंग्रजीत. मराठी दिवसातून एक तास, पुस्तकातून. 'मले' लिहिलं की बाई लाल शाईने 'मला' करायच्या. पहिल्याच दिवाळीला घरी आले आणि म्हणाले, "मोठी आई, मला पाणी दे." दोन्ही भाऊ जमिनीवर लोळून हसले. "मला! मला म्हणते! पुण्याची पाहुणी आली रे!" मोठ्या आईने त्यांना झिडकारलं. पण पाणी तिने आणलं ते फडताळातल्या काचेच्या ग्लासात, जो फक्त पाहुण्यांसाठी निघायचा. तिने तो मान म्हणून दिला होता. पुढच्या प्रत्येक सुट्टीत तोच ग्लास निघाला. मी भांडी घासायला बसले की ती हात धरून उठवायची, "राहू दे, तू चार दिवसाची."

'मले' आता माझ्या तोंडी खोटं वाटायचं आणि 'मला' म्हटलं की घर हसायचं. तेव्हा मी दोन्ही शब्द टाळायला शिकले. "पाणी हवं होतं." "भूक नाही." "झोप येतेय." मराठीत अशी कर्त्याशिवायची वाक्यं किती करता येतात याचा शोध मी सातव्या वर्षीच लावला. लोक म्हणायचे, पोरगी अबोल आहे.

चार महिन्यांचं माझं स्वप्न अगदी साधं होतं. पहिल्या आठवड्यात ग्लास निघेल, दुसऱ्यातही निघेल. पण तिसऱ्या आठवड्यात कोण ग्लास काढत बसतं? मग मोठी आई मला आतून हाक मारेल, वहिन्यांना मारते तशी, चिडून. "कुठं मेली व हे? दूध ओतू गेलं ना!" मला तिच्याकडून बोलणी खायची होती. होस्टेलच्या कॉटवर पडून मी त्या बोलण्यांचे शब्दसुद्धा ठरवून ठेवायची.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी रोज दुकानात बसत होते, आणि रोज काही न विचारता परत येत होते. वहीत टिचक्या होत्या, वजनं होती, कोणत्या गावची माणसं आली ते होतं. कोणाला काय ठरवायचं आहे, ते कुठेच नव्हतं.

भाऊबीजेला मोठी आई माहेरी निघाली. तिचं माहेर लाखांदूरच्या पुढे, धानाच्या बांध्यांमधलं, म्हणजे बांध घातलेल्या शेतांमधलं, एक गाव. निघताना ती म्हणाली, "चाल तू बी. दुकानात बसून का होते? तिथं बाया आहेत, त्यायले पूस."

एसटीत आम्ही पवनीपर्यंत उभ्याने गेलो, मग जागा मिळाली. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, कापलेल्या धानाच्या कडपा बांध्यांत वाळत पडल्या होत्या, आणि भारी धान अजून हिरवट-पिवळा उभा होता. मोठी आई खिडकीतून कोणाचं शेत कसं आलं ते सांगत होती. मी माझ्या पिशवीतला कागद चाचपत होते. त्यावर दहा प्रश्न होते. मी ते आधी इंग्रजीत लिहिले होते आणि मग शब्दकोश घेऊन मराठीत आणले होते. 'प्रॉब्लेम'ला कोशात दोन शब्द मिळाले, समस्या आणि अडचण. 'समस्या' फार जड वाटली. खेड्यातल्या बायकांना सोपा शब्द हवा, असा मी विचार केला.

दुसऱ्या दिवशी गावात मंडई होती. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, सगळे पाहुणे येतात, तेव्हा आदल्या दिवशी घरातलं एकूण एक भांडं बाहेर निघतं. गावामागच्या बोडीवर, म्हणजे लहानशा तळ्यावर, दहा-बारा बायका पाण्याच्या कडेला बसून भांडी घासत होत्या. राख, भिजवलेली चिंच आणि धानाच्या तणसाच्या, म्हणजे वाळक्या पेंढ्याच्या, चुंबळ्या. मोठी आई त्यांच्यात जाऊन बसली, सगळ्यांची खुशाली झाली, आणि मग ती म्हणाली, "हे माह्या दिराची पोरगी. तिले तुमाले काही पुसाचं आहे. पूस व."

मी कागद उघडला. पहिला प्रश्न मी वाचून दाखवला.

"पितळी भांडी वापरताना तुम्हाला काय अडचण येते?"

सगळे हात थांबले. एकीने पदर तोंडात कोंबला. मग गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक म्हातारी तिथूनच ओरडली, "बाई, माही अडचण जाऊन बारा वर्ष झाले!"

अख्खी बोडी हसली. कोणाच्या तरी हातातली परात सुटून पाण्यात गेली आणि तिच्यामागे दोघी धावल्या.

"आपापली तारीख सांगा व तिले!"

"वहीत लिहून नेते का काय सगळ्यायची?"

"नर्सबाई आहे का तू? दवाखान्यातून धाडलं का?"

मला काही कळेना. मी पुन्हा कागदाकडे पाहिलं, वाक्य तर बरोबर होतं. मोठी आई वाकून माझ्या कानात दोन शब्द बोलली. तेव्हा कळलं की आमच्याकडे बाईला 'अडचण आली' म्हणजे एकच अर्थ होतो, महिन्याची पाळी. होस्टेलमध्ये आम्ही तिला इंग्रजीतल्या एका शब्दाने ओळखत होतो. ज्या भाषेत ती मला पहिल्यांदा सांगायला हवी होती त्या भाषेतला शब्द मला एकविसाव्या वर्षी, पन्नास-साठ भांड्यांसमोर कळला. मी कागदाची घडी करू लागले.

तेवढ्यात आमच्याकडे पाठ करून बसलेली एक तरुण सून म्हणाली, "हसता काहून? पोरगी बरोबरच पुसून राहिली."

ती मागे वळली नाही, गुंड घासतच होती. "अडचण आली का पितळेले हात लावू देत नाही. चार दिवस माहं ताट अलग. पहिले जर्मनचं होतं, आता स्टीलचं आणलं. पाण्यानं खंगाळलं का झालं. पाचव्या दिवशी न्हालं का पुन्हा हे राख अन् हे तणस. मले त पाचवा दिवसच नोको वाटते."

जर्मन म्हणजे आमच्याकडे ॲल्युमिनियम. पुन्हा हसू फुटलं, पण या वेळी ते माझ्यावर नव्हतं. तिची सासू तिथेच दोन बायका सोडून बसली होती. ती म्हणाली, "अन् तुह्या मायनं आंदणात सारं स्टीलच देल्लं असतं त? अडल्या वख्ताले मोडाले काय नेलं असतं? स्टीलची मोड घेते का कोणी?"

"मोडाले तुमी अन् घासाले आमी!"

"पाहा व पाहा, तोंड पाहा इचं!"

मग माझ्याकडे कोणाचंच लक्ष राहिलं नाही. आंदण म्हणजे लग्नात मुलीला माहेरून मिळणारी भांडी. कोणाच्या आंदणात किती गुंड आले, कोणाच्या आईने पितळेसाठी हट्ट धरला, कोणती पोरगी 'स्टीलच पाहिजे' म्हणून दुकानाच्या पायरीवर रुसून बसली, बाप मधल्यामध्ये कसा अडकला, सगळं एकमेकींच्या अंगावर फेकत सुरू झालं. सासवा एकीकडे आणि सुना एकीकडे. मी घडी केलेल्या कागदाच्या पाठीवर लिहीत होते.

मोठी आई हळूच म्हणाली, "अडचण नोको म्हणू. 'कोणाचं कायनं अडते' असं पूस."

माझ्याच्याने पुन्हा तोंड उघडेना. तिने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं आणि मग माझा प्रश्न तिनेच विचारला. "सांगा व. आंदण घ्याले गेलं का शेवटी कोणाचं चालते? अन् कायनं अडते?"

परतीच्या एसटीत मोठी आई माझ्या खांद्यावर मान टाकून झोपली. मी हलले नाही. बाजूने पाणी आलेलं शेत जात होतं, पुढे कोरडं, आणि तिचा तो शब्द माझ्या डोक्यात फिरत होता. पाण्यावाचून धान अडतो. गुंडावाचून लग्न अडतं. बैल लंगडला की गाडी अडते. सरांनी महिनाभर फूटपट्टी ठेवून जे विचारलं, ते या एका क्रियापदात होतं. कोणाचं अडलं आहे, आणि कायनं. बँकेच्या बचत योजनेत ते मला कोणी शिकवलं नसतं. आणि त्याच शब्दाने दुसरंही एक सरळ सांगून टाकलं, जे मी इतकी वर्षं आडवळणाने पाहत आले होते. माझ्यावाचून या घरात कोणाचं काही अडत नव्हतं. मी आले तर ग्लास निघायचा, गेले तर परत फडताळात जायचा. तिच्या केसांना राखेचा वास येत होता. लाखांदूर ते भंडारा हा रस्ता त्या दिवशी मला फार लवकर संपला.

पान मी दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैठकीत लिहिलं. येत्या लग्नसराईच्या आधी दुकानदाराला ठरवायचं आहे की आंदणाच्या भांड्यांपैकी कोणती पितळेत ठेवायची आणि कोणती स्टीलमध्ये. आई अडल्या वेळेचा विचार करते, मुलगी रोजच्या घासण्याचा, आणि दुकानात पुढे बसतो तो बाप. या तिघांत शेवटचा शब्द कोणाचा राहतो, आणि कोणत्या भांड्यापुरता, हे दुकानदाराला माहीत नाही. ते शोधायचं आहे. किती कुटुंबं, कोणती गावं, कोणती दुकानं, तेही खाली लिहिलं.

मोठ्या बाबांना मी ते वाचून दाखवलं, अडखळत, इंग्रजीतून मराठीत आणत. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते थांबले. "हे त मलेबी माहीत नाही," म्हणाले. "तीस वर्ष झाले गादीवर बसून. बापाकडंच पाहून बोलत आलो मी."

नागपुरात सरांनी पान दोनदा वाचलं. फूटपट्टी एका ओळीवर थांबली. मी लिहिलं होतं की काही घरांत स्टीलचं पहिलं भांडं बाईचं वेगळं ताट म्हणून येतं.

"वेगळं कशासाठी?"

मी टेबलाच्या कडेकडे पाहत राहिले. सरांनी मान वर केली, मग खाली घातली आणि फूटपट्टी स्वतःच पुढच्या ओळीवर सरकवली. सही करून म्हणाले, "आता हा प्रॉब्लेम झाला."

मला वाटलं होतं त्या क्षणी काहीतरी होईल. मी पिशवीत कागद ठेवायला लागले, तर ते पुढे म्हणाले, "काम आखीव आहे. शनिवार-रविवारीच उरकेल. नागपूरहून एसटी दर तासाला आहे. चार महिने तिथे मुक्काम कशाला? वर्ग बुडतील."

मी नीट आखलं होतं म्हणून ते लवकर संपणार होतं. भोंगळ लिहिलं असतं तर पान परत आलं असतं, आणि नेटकं लिहिलं तर राहायचं कारण उरलं नाही. कागद पिशवीत अर्धाच घालून मी उभी राहिले. सरांनी ते पाहिलं असावं. "राहायचंच असेल तर घरच्या मोठ्यांचं पत्र आणा," म्हणाले. "की तुमचं तिथे राहणं गरजेचं आहे. सोमवारपर्यंत."

शनिवारी मी भंडाऱ्याला गेले. पान मंजूर झालं हे ऐकून मोठ्या आईने गोड केलं, भावांनी चिडवलं, दुकानातल्या मुनीमजींनीसुद्धा हात जोडले. पत्राचं मी बोलले नाही. जेवताना बोलू असं ठरवलं, जेवण झालं. सकाळी बोलू असं ठरवलं.

सकाळी मोठी आई होस्टेलच्या मुलींसाठी करंज्या वर्तमानपत्रात बांधत होती. मी स्वयंपाकघराच्या दारात पिशवी घेऊन उभी. अकराची एसटी होती. मोठे बाबा चहा संपवून दुकानाची किल्ली शोधत म्हणाले, "झालं ना तुहं पान पास? मंग शनिवारी येत जा, रविवारी जात जा. काम बी होते अन् कॉलेज बी."

"सरांनी एक पत्र मागितलंय," मी म्हणाले.

"कायचं?"

"इथे राहणं गरजेचं आहे, असं."

त्यांनी किल्ली शोधणं थांबवलं. "मंग आहे का गरज? दोन दिवसांत होत असंन त मी खोटं कायले लिहू?" ते रागावले नव्हते. दुकानात वजन सांगतात त्याच आवाजात ते विचारत होते.

"थांबा ना तुमी," मोठी आई म्हणाली. पुड्याच्या दोऱ्याचं एक टोक तिच्या दातांत होतं. ते काढून ती माझ्याकडे वळली. "कामाचं अडते का व बाई इथं राहिल्यावाचून? अडत असंन त सांग. हे लिहून देतीन."

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. तिने शब्दही हातात दिला होता, आणि तिने मागितल्यावर मोठ्या बाबांनी कागद लिहिलाही असता. माझ्या मनात आधी एक इंग्रजी वाक्य आलं, सभ्य आणि लांब. त्याच्यामागून एक पुस्तकी मराठी वाक्य आलं, त्यात कर्ता नव्हता. दोन्ही मी ओठांपर्यंत आणली. बाहेर रिक्षावाला घंटी वाजवत होता. मोठी आई दोरा बोटाला गुंडाळून वाट पाहत होती, माझ्याकडे बघत, आणि या वेळी तिने नजर दुसरीकडे नेली नाही.

"कामाचं काही नाही अडत, मोठी आई. माहंच अडते."